दुर्जन सुखात, सज्जन दुःखात : बायबलमधील एक जुनी तक्रार



पारावर बसणाऱ्या माणसाला तत्त्वज्ञानाचा ग्रंथ उघडावा लागत नाही. त्या शास्त्रातला सर्वांत अवघड प्रश्न आपल्या पायांनी चालत त्याच्याकडे येतो. शेजाऱ्याचा बांध दरवर्षी हातभर कोरून ज्याने आपले रान वाढवले, त्याच्याच विहिरीला पाणी लागते. आणि ज्याने उभ्या जन्मात परक्याच्या कडब्याच्या पेंढीला हात लावला नाही, त्याचा बैल ऐन पेरणीत बसतो. मग पारावरचा एखादा म्हातारा विचारतो, "देवाच्या घरी न्याय हाय का न्हाई?" दुसरा म्हणतो, "मागल्या जन्माचं असंल काहीतरी." विषय तेवढ्यावर मिटतो. मिटतो म्हणजे काय, बोलणे थांबते एवढेच.

हाच प्रश्न अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी पॅलेस्टाईनच्या डोंगराळ मुलखात शेती आणि मेंढपाळी करणाऱ्या एका लहानशा लोकसमूहाने विचारला. यहुदी लोकांचे पवित्र ग्रंथ, ज्यांना ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात, त्यांत तो पुन्हा पुन्हा येतो. मी धर्मोपदेशक नव्हे. महाविद्यालयात साहित्य शिकवणारा एक अध्यापक आहे. वर्गात शोकांतिका शिकवता शिकवता ईयोबाच्या ग्रंथाकडे वळलो, आणि एका गोष्टीचे नवल वाटले. हे लोक देवापुढे हात जोडतात आणि त्याच देवाशी भांडतातही. आणि ते भांडण पुढच्या पिढ्यांनी पुसून टाकले नाही, पवित्र ग्रंथातच जपून ठेवले.

आता एक गोष्ट आधी ध्यानात घ्या, म्हणजे त्यांचा प्रश्न आपल्यापेक्षा जास्त टोकदार का होता ते कळेल. आपल्याकडे पूर्वजन्म आहे, पुढचा जन्म आहे. या जन्मात हिशेब जुळला नाही तर खाते पुढे ओढता येते. त्या जुन्या इब्री लोकांपाशी ही सोय नव्हती. पुनर्जन्म त्यांना ठाऊक नव्हता. स्वर्ग-नरकाची कल्पनाही फार उशिरा आली. मेल्यावर सगळेच, राजा असो की गुलाम, पुण्यवान असो की पापी, अधोलोकात जात. तेथे शिक्षा नाही, बक्षीस नाही. फक्त अंधार आणि निःशब्दता. म्हणजे देवाला न्याय करायचा असेल तर तो याच आयुष्यात, याच जमिनीवर करायला हवा. फार तर मुलाबाळांच्या वाट्याला तो जाईल.

आणि त्यांच्या धर्मशास्त्राने तसे वचनही दिले होते. मोशेच्या नावावरील 'अनुवाद' नावाच्या ग्रंथात देव आणि लोक यांचा जणू करारच आहे. आज्ञा पाळाल तर वेळेवर पाऊस पडेल, धान्य, द्राक्षारस आणि तेल भरपूर होईल. मोडाल तर आभाळ कोरडे राहील आणि जमीन कठीण होईल. त्या देशाला मिसरच्या नील नदीसारखी मोठी नदी नाही. शेती सगळी पावसावर. त्यांचा पावसाळा आपल्या उलट, आपल्या आश्विन-कार्तिकाच्या सुमारास सुरू होतो आणि वसंतातल्या शेवटच्या सरीने संपतो. पहिला पाऊस चुकला तर पेरणी नाही, शेवटचा चुकला तर दाणा भरत नाही. आपल्या दुष्काळी तालुक्यांतल्या श्रोत्यांना हे मी काय सांगावे! त्यामुळे पाऊस म्हणजे देवाची मर्जी, हे समीकरण त्या लोकांच्या हाडात भिनले होते. आजच्या भाषणात हा पाऊस आपल्याला आणखी दोनदा भेटणार आहे.

पण समीकरण वहीत जुळते, शिवारात जुळत नाही. नाबोथाची गोष्ट पाहा.

ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात इस्राएलच्या उत्तरेकडील राज्यावर अहाब नावाचा राजा होता. तो काल्पनिक नव्हे. असुरांचा राजा तिसरा शल्मनेसर याने कोरून ठेवलेल्या शिलालेखात, ख्रिस्तपूर्व ८५३ सालच्या कर्करच्या लढाईत, अहाबाचे दोन हजार रथ आणि दहा हजार पायदळ आपल्याविरुद्ध उभे होते अशी नोंद आहे. म्हणजे बायबल ज्याला अत्यंत दुष्ट राजांत गणते, तो जगाच्या नजरेला चांगला भरभराटलेला राजा होता.

इज्रेल येथे या राजाच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या शेतकऱ्याचा द्राक्षमळा होता. राजाला तेथे भाजीपाला लावायचा होता. तो म्हणाला, याच्या बदल्यात चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. व्यवहार वाईट नव्हता. पण नाबोथाने नकार दिला. वडिलार्जित जमीन आपण विकणार नाही असे त्याने सांगितले. राजा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला, जेवेना. राजा असून रुसला, हे त्या जुन्या लेखकाने मोठ्या मजेने टिपले आहे. मग त्याची राणी ईजबेल म्हणाली, उठा, जेवा, मळा मी मिळवून देते.

पुढे काय झाले ते नीट ऐकण्यासारखे आहे, कारण त्यात तलवार कोठेच उपसली गेली नाही. राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहोर उठवली आणि नाबोथाच्या गावच्या वडीलधाऱ्यांना पाठवली. गावात उपवास जाहीर करा, सभा भरवा, नाबोथाला मानाच्या जागी बसवा आणि समोर दोन लबाड माणसे बसवा. त्यांनी साक्ष द्यायची की याने देवाची आणि राजाची निंदा केली. कायदा असा होता की एकाच्या साक्षीवर कोणाला मरणाची शिक्षा देता येत नाही, किमान दोन साक्षी हव्यात. राणीने बरोबर दोन दिल्या! पत्र, मोहोर, सभा, पंच, साक्षी, सगळे रीतसर. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारले आणि राजा मळा ताब्यात घ्यायला निघाला.

तेथे त्याला एलीया संदेष्टा आडवा आला. खून करून वर वतनही घेतलेस का, असा त्याचा सवाल होता. त्याने घोर शाप उच्चारला आणि तो पुढे खरा झाला असे ग्रंथ सांगतो. अहाब लढाईत एका अवचित बाणाने मेला. वर्षे गेल्यावर त्याच्या मुलाचे प्रेत नेमके नाबोथाच्या शेतात फेकले गेले. न्याय झाला म्हणायचे. पण शापानंतर अहाबाने गोणपाट नेसून पश्चात्ताप केला म्हणून शिक्षा त्याच्या मुलाच्या कारकिर्दीवर ढकलली गेली, हेही तोच ग्रंथ सांगतो. शिवाय एक साधा प्रश्न उरतो, जो आपल्या बायाबापड्या लगेच विचारतील: नाबोथाचे काय? त्याला ना जीव परत मिळाला, ना मळा. आणि ज्या वडीलधाऱ्यांनी पत्र वाचून मुकाट्याने सभा भरवली, त्यांना काही झाल्याचे ग्रंथात लिहिलेले नाही. गावचे वडीलधारे बहुधा असेच सुटतात.

राजांच्या इतिहासात याहून मोठा पेच पुढे येतो. यहुदाच्या राज्यात मनश्शे नावाचा राजा झाला. निरपराध्यांच्या रक्ताने त्याने यरुशलेम भरून टाकले, असा त्याच्यावर आरोप आहे. त्याने राज्य किती वर्षे केले? ५५ वर्षे! आणि त्याचाच नातू योशीया. आठव्या वर्षी गादीवर आला. मोठा झाल्यावर मंदिराची दुरुस्ती करताना सापडलेला धर्मशास्त्राचा ग्रंथ ऐकून त्याने कपडे फाडले आणि साऱ्या देशात धर्माची सुधारणा केली. त्याच्यासारखा राजा झाला नाही असे ग्रंथकारच म्हणतो. हा योशीया ख्रिस्तपूर्व ६०९ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मगिद्दोपाशी मिसरच्या राजाच्या हातून मारला गेला. त्यानंतर पुरती पंचवीस वर्षेही झाली नाहीत, तोच बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले.

याचा अर्थ कसा लावायचा? 'राजे' या ग्रंथाचा लेखक म्हणतो, नगराचा नाश झाला तो मनश्शेच्या पापांमुळे. म्हणजे आजोबाने पाप केले आणि दंड नातवाच्या पिढीने भरला. पुढे काही शतकांनी 'इतिहास' नावाचा दुसरा ग्रंथ झाला. त्याच्या लेखकाला हे रुचले नसावे. त्याने लिहिले की मनश्शे कैद होऊन बाबेलला गेला, तेथे पस्तावला, म्हणून देवाने त्याला राज्य परत दिले. आणि योशीयाने मिसरच्या राजाच्या तोंडून आलेला देवाचा शब्द ऐकला नाही, म्हणून तो मेला. बघा हं! हिशेब जुळेना तेव्हा एकाच्या खात्यावर थोडे पुण्य वाढवले आणि दुसऱ्याच्या खात्यावर थोडे पाप टाकले. मी हे उपहासाने म्हणत नाही. जग न्यायाने चालले आहे असा विश्वास माणसाला इतका हवा असतो की इतिहास लिहितानाही हात तिकडे वळतो.

बाबेलला हद्दपार झालेल्या लोकांत तेव्हा एक कडवट म्हण फिरत होती: आंबट द्राक्षे खाल्ली बापांनी, दात आंबले मुलांचे. यहेज्केल संदेष्ट्याने त्यांना बजावले की ही म्हण सोडून द्या, ज्याचे पाप त्याचे मरण, बापाचे मुलावर नाही. हा विचार नैतिक दृष्टीने किती मोठा आहे! आजही आपण चोराच्या पोराला शाळेत वेगळ्या नजरेने पाहतो. पण या मोठ्या विचाराने अडचण आणखी वाढली. मुलांच्या खात्यावर ढकलण्याची जुनी वाटही आता बंद झाली. आता प्रत्येकाचा न्याय ज्याचा त्याच्याच आयुष्यात व्हायला हवा, आणि तो तर डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून मग तक्रार उघड सुरू होते. यिर्मया संदेष्टा अनाथोथ नावाच्या खेड्यातला. त्याच्याच गावच्या लोकांनी त्याला मारण्याचा कट केला. तेव्हा तो देवाला म्हणतो, तू न्यायी आहेस हे मला मान्य, पण मला तुझ्याशी खटल्याचे बोलायचे आहे. दुष्टांचे सगळे नीट कसे चालते? उत्तर काय मिळते? दिलासा नाहीच. देव म्हणतो, पायी धावणाऱ्यांबरोबरच तू दमलास, तर घोड्यांशी शर्यत कशी करशील? म्हणजे याहून वाईट पुढे आहे. आणि खरोखरच पुढे त्याला चिखलाने भरलेल्या टाक्यात सोडून देण्यात आले. तेथून त्याला काढले ते एबद-मलेख नावाच्या एका परदेशी आफ्रिकी सेवकाने. दोर काखेत रुतू नयेत म्हणून त्या माणसाने जुन्या चिंध्या आधी खाली सोडल्या. एवढ्या मोठ्या ग्रंथात त्या चिंध्यांची नोंद आहे, ही मला फार मोलाची वाटते.

हबक्कूक नावाच्या संदेष्ट्याची तऱ्हा आणखी वेगळी. तो विचारतो, देशातल्या अन्यायाकडे तू का पाहत नाहीस? उत्तर येते, पाहतो आहे. शिक्षेसाठी खास्दी लोकांना, म्हणजे बाबेलवाल्यांना, पाठवतो आहे. हबक्कूक चक्रावतो. अहो, ते तर आमच्याहून दुष्ट! चोराला धरायला दरोडेखोर पाठवायचा, हा कसला न्याय? आणि तो पहाऱ्याच्या बुरुजावर जाऊन बसतो, आता काय उत्तर येते ते पाहतो म्हणून. उत्तर येते ते 'थांब' असे. या छोट्या पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांवरील एक प्राचीन टीका मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत १९४७ साली सापडलेल्या गुंडाळ्यांत मिळाली. ख्रिस्ताच्या आगेमागे त्या वैराण जागी राहणाऱ्या एका पंथाला हा प्रश्न आपल्याच काळाचा वाटत होता. प्रत्येक पिढीला तो तसाच वाटतो.

शिक्षकबंधूंनी मात्र आसाफाच्या नावावरील त्र्याहत्तरावे स्तोत्र अवश्य वाचावे. हा मंदिरातला गायक कबूल करतो की माजलेल्या लोकांची चैन पाहून मला हेवा वाटला, माझा पाय घसरायचाच बाकी होता. मी उगाच हात स्वच्छ ठेवले असे मनात आले. आणि मध्येच तो म्हणतो की हे मी मोठ्याने बोललो असतो तर पुढच्या पिढीचा घात केला असता. वर्गासमोर उभा राहणारा प्रत्येक शिक्षक हा प्रसंग ओळखील. वशिल्याने पुढे गेलेला माणूस डोळ्यांसमोर असतो, आणि फळ्यावर 'प्रामाणिकपणा' या विषयावर निबंध लिहायला सांगायचा असतो. आसाफ मंदिरात जातो आणि त्याचा जीव शांत होतो. दुष्टांची जागा निसरडी आहे, हे त्याला तेथे उमगते. पण शेवटी त्याला धरून ठेवते ते त्यांचे पडणे नव्हे; देव आपल्याजवळ आहे, एवढ्यावर तो थांबतो. हा त्याचा अनुभव आहे. अनुभवाशी वाद घालता येत नाही, तसा तो उसनाही घेता येत नाही.

आता ईयोबाकडे येतो.

ऊस नावाच्या देशात ईयोब नावाचा सरळ माणूस होता. सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, पाचशे बैलजोड्या, पाचशे गाढवी, सात मुलगे आणि तीन मुली. देवाच्या दरबारात सैतान, म्हणजे येथे एक प्रकारचा सरकारी फिर्यादीच, असा मुद्दा काढतो की ईयोब काय फुकट देवाला भजतो? त्याचे काढून घ्या, मग बघा. प्रश्न खोचक आहे, आणि बारकाईने पाहिले तर तो त्या पावसाच्या करारावरच घाव घालतो. बक्षिसासाठी केलेली भक्ती ती भक्ती की व्यापार? एका दिवसात ईयोबाचे सर्वस्व जाते, दहाही मुले घर कोसळून मरतात. मग अंगभर गळवे उठतात, आणि तो राखेत बसून खापराने अंग खाजवीत राहतो.

त्याचे तीन मित्र येतात: एलीफज, बिल्दद आणि सोफर. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. माझे मत विचाराल तर त्यांनी केलेले उत्तम काम एवढेच. कारण आठव्या दिवशी ईयोब आपल्या जन्माला शाप देतो, आणि मित्रांना उत्तर द्यावेसे वाटते. मग अध्यायामागून अध्याय ते देवाची वकिली करतात. निरपराधी माणूस कधी बुडाला आहे का? तुझ्या मुलांनी काही केले असेल. तुझ्याही हातून काही घडले असेल, आठवून बघ. बोलणे सौम्यपणे सुरू होते आणि शेवटी एलीफज सरळ आरोप करतो की तू विधवांना रिकाम्या हाती पाठवलेस, भुकेल्याला भाकरी दिली नाहीस. पुरावा काय? पुरावा एवढाच, की तू दुःखी आहेस!

ईयोब जे उत्तर देतो त्यात आपले शिवार दिसते. तो म्हणतो, दुष्ट माणसे म्हातारी होईपर्यंत सुखाने जगतात, त्यांचा वळू वाया जात नाही, त्यांची गाय गाभडत नाही, त्यांची पोरे नाचतात-गातात, आणि मरण येते तेही शांतपणे. त्यांच्या पापाची शिक्षा मुलांना मिळेल म्हणता? मग त्यांना स्वतःला काय त्याचे? पुढे तो शेताच्या खुणेचे दगड सरकवणाऱ्यांची, पोरक्यांचे गाढव हाकलून नेणाऱ्यांची, विधवेचा बैल गहाण ओढणाऱ्यांची नावनिशी सांगितल्यासारखी यादी देतो. उघडीनागडी माणसे दुसऱ्याच्या पेंढ्या वाहतात आणि स्वतः उपाशी राहतात. दुसऱ्याचे द्राक्षकुंड तुडवतात आणि तहानलेली राहतात. एवढे होते आणि देव दखल घेत नाही, हे त्याचे दुखणे. लक्षात घ्या, या ठिकाणी ईयोब फक्त स्वतःसाठी बोलत नाही. स्वतःच्या राखेतून त्याला बाकीच्यांची राख दिसू लागली आहे.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका मित्राचा, एका खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाचा, दहा वर्षांचा मुलगा तापाने गेला. अत्यंत सरळ माणूस. त्या साली त्याचे पीकही बुडाले होते. मी भेटायला गेलो. ओसरीवर बसलो. शांतता मला सोसवेना, म्हणून मी बोललो. देवाच्या घरी काही हिशेब असेल, आपल्याला तो कळत नाही, असे काहीसे. त्याने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "तुम्हा शिकलेल्यांचे हिशेब लवकर जुळतात, राव." एवढेच बोलून तो आत गेला आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला. पुढे ईयोबाचा ग्रंथ वाचताना एलीफजाची भाषणे आली, आणि मला त्यांत माझा आवाज ऐकू आला.

अखेर देव वावटळीतून ईयोबाशी बोलतो. वाचकाला वाटते, आता उत्तर मिळेल. पण देव एकाही मुद्द्याला उत्तर देत नाही. उलट प्रश्नच विचारतो. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास? रानशेळी कधी विते ते तुला ठाऊक आहे का? रानगाढवाला मोकळे कोणी सोडले? आणि या प्रश्नांच्या झडीत एक प्रश्न पावसाचा आहे: जेथे माणसाचे पाऊल नाही अशा ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो? येथे मी पुस्तक मिटून ठेवले होते. जेथे माणूसच नाही तेथला पाऊस कोणाच्या पुण्याचा? आणि न पडला तर कोणाच्या पापाचा? पाऊस म्हणजे मजुरी नव्हे, आणि दुष्काळ म्हणजे दंड नव्हे, असे तो प्रश्न न सांगता सांगतो. पहिल्यांदा वाचताना मला ही देवाची भाषणे टाळाटाळ वाटली होती. अजूनही थोडी वाटतात. ज्याची दहा मुले गेली त्याला रानगाढवाची गोष्ट सांगावी का? पण त्यानंतरचे एक वाक्य सारा निकाल फिरवते. देव एलीफजाला सांगतो की माझ्याविषयी ईयोब जसे नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. आता बळी अर्पण करा आणि ईयोबाला तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगा. देवाची वकिली करणारे खोटे ठरले आणि देवाला जाब विचारणारा खरा ठरला! कोणत्याही धर्माच्या ग्रंथात असा निकाल माझ्या तरी वाचनात विरळा.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. ख्रिस्तपूर्व १६७ च्या सुमारास सिरियाचा ग्रीक राजा चौथा अंतियोख याने यहुदी धर्माचरणालाच बंदी केली. आता माणसे मारली जाऊ लागली ती धर्म पाळला म्हणूनच. नीतीने वागूनही दुःख, येथवरचा प्रश्न होता. आता नीतीने वागल्यामुळेच मरण. याच काळाच्या छायेत दानीएलच्या ग्रंथात मेलेले पुन्हा उठतील आणि त्यांचा न्याय होईल ही आशा स्पष्ट शब्दांत येते. शतकानुशतके न जुळलेल्या खात्याला येथे पुढचे पान मिळाले.

येशूच्या काळापर्यंत बहुतेक यहुदी हे मानू लागले होते. तरी जुनी सवय गेली नव्हती. जन्मांध भिकारी दिसताच येशूचे शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? हा प्रश्न आपल्या पारावरचाच नव्हे काय? येशूचे उत्तर असे की याचेही नाही आणि त्यांचेही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती यरुशलेमातल्या इतरांहून जास्त पापी होती असे समजता काय, असे तो लोकांना विचारतो. आणि डोंगरावरील प्रवचनात तो पाऊस तिसऱ्यांदा येतो. तेथे देव तो नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाडतो, आणि तुम्हीही वैऱ्याशी तसेच वागा असा उपदेश त्यातून निघतो. ज्या गोष्टीची हबक्कूकाला तक्रार होती, तीच येथे देवाच्या थोरपणाची खूण झाली. गव्हातल्या तणाचा दाखला तर शेतकऱ्याला समजावून सांगायची गरजच नाही. गव्हासारखेच दिसणारे तण उगवले. गडी म्हणाले, उपटून टाकतो. मालक म्हणाला, नको, त्याबरोबर गहूही उपटाल, कापणीपर्यंत थांबा. ज्याच्या शेतात तण माजले आहे त्याला हे थांबणे किती जड जाते, ते त्यालाच ठाऊक. आणि ज्याने हे सांगितले तो स्वतः खोट्या साक्षींनंतर, नाबोथासारखाच नगराबाहेर मारला गेला. ख्रिस्ती विचार पुढे या क्रूसाभोवतीच फिरतो, पण तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

आपल्या मराठीशी या ग्रंथाचा एक संबंध मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, साऱ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला ते कळावे हा त्यांचा हेतू. त्यांचे आईवडील आणि बहीण १८७० नंतरच्या दुष्काळात अन्नान्न करीत गेले होते. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या. ज्या हाताने ईयोबाचे शब्द मराठीत आणले, तो हात कसा होता हे त्या भाषांतराच्या वाचकाने विसरू नये.

ईयोबाच्या गोष्टीचा शेवट गोड आहे. त्याला सगळे दुप्पट मिळाले: चौदा हजार मेंढरे, सहा हजार उंट, हजार बैलजोड्या, हजार गाढवी. पुष्कळांना हा शेवट खटकतो. मलाही खटकत असे. मग एकदा आकडे पुन्हा मोजले. जनावरे दुप्पट आहेत, मुले नाहीत. मुले पुन्हा तितकीच, सात आणि तीन. मुलींची नावे दिली आहेत, त्यांना भावांबरोबर वारसा मिळाला असेही सांगितले आहे. आधीच्या दहांविषयी ग्रंथ गप्प आहे.

त्या शिक्षकमित्राकडे मी पुन्हा गेलो, गेल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत. या वेळी काही बोलायचे नाही असे ठरवून गेलो होतो. ओसरीवर दोघे बराच वेळ बसलो. आत मुलाचा फोटो होता, त्याला ताजा हार होता. मित्र म्हणाला, "म्हैस व्यालीय परवा." मग तो आत जाऊन खरवसाची वाटी घेऊन आला, आणि आम्ही अंधार पडेपर्यंत तेथेच बसून राहिलो.